त्सापरंगची भिंत : एका अभिवाचनाच्या कामाच्या नोंदी

८ जून

विषय पक्का झाला. डिसेंबरात वाचनालयाच्या सभागृहात पाऊण तासाचं अभिवाचन करायचं, ली गोतमी आणि लामा अनागारिक गोविंद यांच्यावर. ती छायाचित्रकार आणि चित्रकार, तो मोहिमेचा प्रमुख. १९४८-४९ मध्ये दोघं पश्चिम तिबेटात त्सापरंगला गेले, गुगे या जुन्या राज्याच्या उजाड राजधानीत. तिथल्या मंदिरांमधली भित्तिचित्रं तिने कागदावर उतरवून घेतली आणि कॅमेऱ्यात टिपली. खर्चाचा काही भार 'इलस्ट्रेटेड वीकली ऑफ इंडिया'ने उचलला होता.

मी शाळेत चित्रकला शिकवते, त्यामुळे भिंतीवरचं चित्र कागदावर घेणं म्हणजे काय ते मला कळतं. म्हणूनच हा विषय धरला. खऱ्या माणसांच्या प्रेमावर कुणाला मंचावर काही करायचं असेल तर कुठे पैसे जातात आणि कुठे वेळ जातो ते कळावं, म्हणून या नोंदी. वाचनालय आठ हजार देणार आहे. वरचे सात हजार आम्ही घालायचे, त्यापुढे एक पैसा नाही.

पहिलीच अडचण नावाची. ली गोतमी म्हणजे मुंबईच्या पारशी घराण्यातली रती पेटिट, जन्म १९०६ चा. ज्याला सांगावं तो म्हणतो, "म्हणजे जिनांची बायको?" ती रती पेटिट वेगळी, तिचा जन्म १९०० चा आणि ती १९२९ मध्येच गेली. संहितेच्या पहिल्या मिनिटात हे स्पष्ट करावं लागणार, नाहीतर निम्मं सभागृह शेवटपर्यंत भलत्याच बाईची वाट पाहत बसेल.

१९ जून

सनावळीचा तक्ता करून भिंतीवर लावला.

तिने लंडनच्या स्लेड स्कूल या कलाशाळेत शिक्षण घेतलं. पहिलं लग्न कार्ल खंडालावाला यांच्याशी, जे पुढे कलासमीक्षक आणि संग्राहक म्हणून नावाजले. ते लग्न टिकलं नाही. मग ती शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांच्याकडे शिकायला गेली. गोविंद तिथेच शिकवत होते. त्यांचं मूळ नाव अर्न्स्ट लोथर हॉफमन, जन्म १८९८, जर्मनीतल्या वाल्डहाइमचा. सिलोनमध्ये त्यांनी बौद्ध धर्माची दीक्षा घेतली, १९३१ मध्ये दार्जिलिंगजवळच्या घूमला तोमो गेशे रिंपोचे हे तिबेटी लामा भेटले आणि तिबेट डोक्यात शिरलं. दोघांची ओळख १९३० च्या दशकातली. मग युद्ध आलं. गोविंदांनी ब्रिटिश नागरिकत्व घेतलेलं असूनही इंग्रजांनी त्यांना जर्मन म्हणून डांबलं, आधी आपल्या अहमदनगरच्या छावणीत आणि १९४२ पासून डेहराडूनला. सुटका युद्ध संपल्यावर. लग्न १९४७ मध्ये: मुंबई आणि दार्जिलिंग इथे कायद्याने, आणि तिबेटात अजो रिंपोचे यांच्या हातून धर्मविधीने.

तक्ता पाहताना लक्षात आलं की नेहमीचा प्रेमकथेचा सांगाडा इथे बसत नाही. वाचकाला वाटतं मोहिमेत भेट होणार, संकट येणार, मग प्रेम जमणार. इथे मोहीम सुरू झाली तेव्हा लग्न झालेलं होतं. ती चाळिशी गाठलेली, तो पन्नाशीला टेकलेला. एकमेकांना ओळखून दहाएक वर्षं झालेली, त्यातली काही वर्षं तारेच्या कुंपणाने खाल्लेली. त्यामुळे "जमेल का" हा प्रश्नच उरत नाही. प्रेम शोधायचं ते कामात: कुणी काय केलं, कुणी कुणासाठी किती थांबलं. ही दिशा मला फार मोलाची वाटते, संहिता हिच्यावरच उभी करायची.

२ जुलै

माझ्याबरोबर वाचणारा मित्र पूर्वी राज्य नाट्य स्पर्धेत काम करायचा. त्याची सूचना: छावणीतून गोविंदांनी तिला लिहिलेली दोन-तीन पत्रं घालू, लोक रडतील. त्याने एक लिहूनही आणलं आणि सुरेख लिहिलं होतं. पण ते पत्र गोविंदांचं नाही. वाचनालयात बसलेला माणूस ते खरं मानून घरी जाईल आणि उद्या कुठेतरी छापेल. नको म्हटलं. बराच वाद झाला, चहा गार झाला, शेवटी नियम ठरला:

दोघांच्या तोंडी एकही वाक्य द्यायचं नाही. मी तिच्या बाजूने सांगायचं, तो त्याच्या बाजूने, दोघंही तृतीय पुरुषात. पुस्तकातले उतारे वाचायचे नाहीत, हक्काचा प्रश्न येतो. आपल्या शब्दांत सांगायचं.

या नियमामुळे संहितेचा निम्मा भाग गळाला. भरायला काहीतरी हवं. तिथूनच हात चालवायची कल्पना निघाली: मंचावर एक भिंत उभी करायची आणि मी वाचता वाचता तिच्यावरचं चित्र ट्रेसिंग पेपरवर उतरवायचं. पाऊण तासात चित्र पूर्ण.

२० जुलै

गोविंदांनी त्यांच्या प्रवासवर्णनात (१९६६) लिहिलंय की त्सापरंगच्या हिवाळ्यात काम करताना शाई गोठायची. संहितेत मी लिहिलं होतं, "कडाक्याच्या थंडीत तिने चित्रं उतरवली." हे वाक्य मेलेलं आहे. थंडीत हाताचं नेमकं काय होतं?

ओळखीच्या आइस्क्रीम वितरकाचं शीतगृह आहे, तापमान उणे अठरा. त्याने दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत आत जाऊ दिलं, पण एकटीने नाही. दाराशी त्याचा माणूस उभा. बरोबर नेलं: कांडीची चिनी शाई आधीच उगाळून वाटीत, दोन नंबरचा ब्रश, ट्रेसिंग पेपर, 4बी पेन्सिल, प्लायवर चिकटवलेलं एक रेखाचित्र.

आधी ब्रश गेला. वाटीतली शाई अजून पातळ होती, पण ब्रशच्या टोकाशी थेंबभरच शाई असते, ती आधी गोठते. केस एकमेकांना चिकटून काडीसारखे ताठ झाले आणि रेषा तुटक येऊ लागली. फुंकर घातली की टोक सुटतं, तेवढ्यात एक रेषा ओढून होते, की पुन्हा फुंकर. फुंकरीतला ओलावा कागदावर बसतो. ट्रेसिंग पेपरला ओल अजिबात सोसत नाही, जिथे ओल बसली तिथे तो लगेच लाटा घेतो आणि खालची रेषा सरकल्यासारखी दिसते. म्हणजे तोंड वळवून, कागदापासून दूर फुंकर घालायची, आणि परत येईपर्यंत ब्रश पुन्हा ताठ. मग वाटीच्या कडेला पापुद्रा धरला. गरम पाण्याची पिशवी वाटीखाली ठेवल्यावर शाई टिकली, ब्रश नाही टिकला. हातमोजा काढलेली बोटं मात्र सगळ्यांच्या आधी बधिर झाली होती. मला ते कळलं बाहेर आल्यावर, टोचायला लागलं तेव्हा.

पेन्सिल मुकाट चालत राहिली. मग शाई कशाला? कारण गुंडाळी करून खेचराच्या पाठीवर टाकलेल्या कागदावर पेन्सिल पुसट होते, शाई राहते. तिने शाईचा हट्ट का धरला असेल ते मला माझ्या हाताने सांगितलं.

संहितेतलं ते एक वाक्य काढून हा सगळा क्रम घातला. खर्च: शून्य, वितरकाला पेढे.

११ ऑगस्ट

मंदिरातल्या अंधाराची चाचणी. (रोल धुऊन आल्यावर ही नोंद पुरी केली.) वाईला आत्याच्या वाड्यातलं माजघर निवडलं. एक दार, खिडकी नाही, भिंती मातीच्या. तिच्याकडे जुन्या पांढऱ्या चादरी मागितल्या तेव्हा ती म्हणाली, "अगं, पाहुणे येणारेत की काय?" फोटो काढायचेत म्हटल्यावर इस्त्रीच्याच चादरी दिल्या.

कॅमेरा स्टुडिओवाल्या काकांचा, एकशेवीसच्या फिल्मचा. फिल्म चारशे स्पीडची कृष्णधवल. अंगणातलं ऊन आत वळवायचं होतं. आरशाने वळवलं तर भिंतीवर पांढरा झगझगीत डाग पडतो आणि बाजूला काळोख. चादर धरली की उजेड मंद येतो, पण सगळीकडे सारखा पसरतो.

पहिला रोल सगळा कोवळा आला, म्हणजे उजेड कमी पडला. मीटर दहा सेकंद सांगत होता, आम्ही दहा सेकंद दिले. काकांनी मग समजावलं: फिल्म मंद उजेडात आळसावते. एका सेकंदापलीकडे गेलं की मीटरच्या आकड्यापेक्षा जास्त वेळ द्यावा लागतो. या फिल्मला दहाचे वीस सेकंद, तिसाचे तर जवळजवळ दीड मिनिट. डिजिटलवर वाढलेल्यांनी हे आधीच वहीत लिहून ठेवावं. एक रोल आणि धुलाई मिळून साधारण दीड हजार जातात.

दीड मिनिट चादर अजिबात न हलवता धरायची. भाच्याचे हात थरथरायला लागले, तर आत्या शेजारी येऊन दुसरं टोक धरून उभी राहिली. वीस मिनिटांनी ऊन अंगणात सरकलं आणि सगळी मांडणी पुन्हा. भिंतीचा कुठला भाग आज टिपायचा ते सूर्य ठरवतो, आपण नाही. ही चादर आमची, वाईची. संहितेत ती वाईची म्हणूनच येते, त्सापरंगची म्हणून नाही.

रोल धुवायला मुंबईला पाठवले. मध्ये गणपती आले, लॅब बंद. परत यायला महिना गेला. कुणी हे करणार असेल तर गणपतीच्या आधी तरी पाठवा, नाहीतर नंतर.

३ सप्टेंबर

हक्क. लीची छायाचित्रं पडद्यावर दाखवायची सगळ्यांची इच्छा. तिचा 'तिबेट इन पिक्चर्स' हा दोन खंडांचा संग्रह १९७९ चा, त्यावरचे हक्क अजून संपलेले नाहीत. परवानगीसाठी लिहिण्याइतका वेळ नाही. प्रोजेक्टर रद्द, भाड्याचे अठराशे वाचले.

म्हणून भिंतीवरचं चित्रही तिच्या प्रतींवरून नक्कल करायचं नाही. बुद्धाच्या जन्माचा प्रसंग मी माझ्या पद्धतीने रेखला: मायादेवी उजव्या हाताने झाडाची फांदी धरून उभी, कुशीतून बाळ. हा प्रसंग कुणा एकाचा नाही, गांधारापासून तिबेटपर्यंत सगळ्यांनी काढलाय. त्सापरंगच्या लाल मंदिरातही बुद्धचरित्राची चित्रं आहेत, त्यामुळे विषय जुळतो.

भिंत: बांबूची चौकट, सहा फूट बाय चार, त्यावर मांजरपाट ताणून खिळवलं. त्यावर खडूची पूड आणि फेविकॉल कालवून लेप. पावसाळी हवेत वाळायला चार दिवस, आणि वाळल्यावर हात लावला तर भेगा. लेप जाड झाला होता. खरवडून काढला, कापड ओलं करून पुन्हा ताणलं, आणि पाण्यासारखे पातळ हात दिले, प्रत्येक हात पुरता वाळल्यावरच दुसरा. फेविकॉल थोडा जास्त. आता दाबलं तरी तडकत नाही. रंग गेरू, नीळ, काजळी. सोनेरी रंग आणला होता, तो काढून टाकला. मंचावरच्या दिव्याखाली तो प्लास्टिकसारखा चमकत होता.

२२ सप्टेंबर

पहिलं सलग वाचन माझ्या घरी. ऐकायला शेजारच्या काकू आणि दोन माजी विद्यार्थिनी. वाचून झाल्यावर एक मुलगी म्हणाली, "बाई, हे तर त्यांचंच चरित्र झालं. ती कुठाय?"

खरंय. कारण उघड आहे: मोहिमेची सविस्तर हकीकत गोविंदांच्या पुस्तकात आहे. तिचे लेख 'वीकली'त आले ते १९५१ मध्ये, आणि तिची चित्रं पुस्तकात यायला जवळजवळ तीस वर्षं गेली. साधनं ज्याची जास्त, गोष्ट त्याच्याकडे झुकते. त्याच काळात दिल्लीत होमाई व्यारावाला वृत्तपत्रांसाठी फोटो काढत होत्या, त्यांचंही मोठं कौतुक व्हायला म्हातारपण उजाडावं लागलं.

दुरुस्ती: तारखा आणि मुक्काम हा कणा काढून टाकला. आता कणा तिच्या कामाचा आहे: कागद, शाई, उजेड, फिल्म. गोविंद येतात ते तिच्या कामाला जिथे त्यांची गरज पडते तिथे. त्याने ते लहान होत नाहीत, उलट नेता म्हणून त्यांचं काय मोल होतं ते दिसतं. तिबेटातल्या ग्यांत्से गावी, ल्हासाच्या सरकारच्या परवान्याची वाट पाहत काढलेले महिने घ्या. त्यात थरार काही नाही. पण तो कागद नसता तर त्सापरंगच्या मंदिराचं दार उघडलंच नसतं आणि तिची एकही रेषा पडली नसती. डोल्मा खिंड साडेपाच हजार मीटरवर, कैलासाची परिक्रमा, मानसरोवर, हे सगळं मी दोन मिनिटांत उरकलं. परवान्याला पाच मिनिटं दिली. मित्राला हे उलटं वाटतं, मला नाही. जो माणूस आपल्या बाईला भिंतीसमोर उभं राहता यावं म्हणून कचेऱ्यांमध्ये महिनोन् महिने थांबतो, त्याच्याबद्दल मला खिंडीपेक्षा जास्त सांगावंसं वाटतं.

शेवटी तिथल्या अधिकाऱ्यांना संशय आला आणि काम घाईने आवरावं लागलं. तो भाग संहितेत आता शेवटून दुसरा.

१४ ऑक्टोबर

वेळ मोजली, बावन्न मिनिटं. सात कापायची. अँतोनियो द आंद्राद गेला. हा पोर्तुगीज जेझुइट १६२४ मध्ये बद्रीनाथकडून माणा खिंड ओलांडून त्सापरंगला पोचला, राजाने त्याला चर्च बांधू दिलं, आणि पुढे तो गोव्यात वारला, १६३४ मध्ये. गोव्याचा धागा म्हणून जीव अडकला होता. पण आमच्या दोघांच्या गोष्टीत त्याला जागा नाही. एक वाक्य ठेवलं.

९ नोव्हेंबर

सभागृहात तालीम. ट्रेसिंग पेपरचा आवाज! कॉलरच्या माइकमधून तो पत्र्यावर पाऊस पडावा तसा येतो. कागदाच्या चारही कडा पट्टीने घट्ट चिकटवल्या, माझा माइक काढून स्टँडचा घेतला, बाजूला तिरका. आता ब्रशची बारीक खसखस ऐकू येते आणि ती ठेवायची आहे.

दुसरी अडचण: वाचताना हात थांबतो आणि हात चालला की वाचन अडखळतं. त्यावर उपाय म्हणून परिच्छेद तोडले. चेहऱ्याच्या रेषा काढताना मी गप्प, तेव्हा तो बोलतो. वस्त्राच्या लांब रेषा काढताना मी बोलते. संहितेच्या समासात चित्राचा कुठला भाग ते लिहून ठेवलं. मित्राने हातात धरायला एक दिवा घेतला, मी जिथे रेखतेय तिथे उजेड. तो दोन मिनिटांनी संहितेत गुंतून दिवा खाली करायचा. शेवटी त्याने आपला सगळा भाग पाठच केला. एका हातात दिवा, दुसरा मोकळा, आणि नजर माझ्या ब्रशवर. पत्राची आठवण त्यानेही त्यानंतर काढली नाही.

आयोजकांना मध्ये एक भावगीत हवं होतं. आमच्याकडे वेळ नाही असं सांगितलं, जे खरं होतं.

६ डिसेंबर

प्रयोग झाला. सभागृह पाऊणपट भरलं. सुरुवातीलाच वीज गेली. जनित्र सुरू होईपर्यंत मित्राने मोबाइलचा दिवा धरला आणि आम्ही थांबलो नाही. ब्रश एकदा जास्त भरला, मायादेवीच्या कोपराशी शाई ओघळली. तशीच ठेवली.

शेवटी ट्रेसिंग सोडवून उचललं आणि मागून दिवा धरला. भिंत बाजूला सरकवली. इथे सांगायचं होतं ते सांगितलं: चीनच्या सांस्कृतिक क्रांतीत त्सापरंगच्या मूर्ती फोडल्या गेल्या, त्या आधी कशा होत्या ते आज दिसतं त्यात तिच्या छायाचित्रांचा मोठा वाटा आहे.

प्रश्नोत्तरांत पहिल्या रांगेतल्या आजींनी विचारलं, "शेवटपर्यंत एकत्र राहिली का हो दोघं?" हो. १९५५ पासून अल्मोड्याजवळ कसारदेवीला, मग अमेरिकेत. ते जानेवारी १९८५ मध्ये कॅलिफोर्नियात गेले, त्या १९८८ मध्ये. आजींनी मान हलवली आणि पुढचा प्रश्न केला, "मुलाबाळांचं काय?" तो मी सोडला, आपला विषय नाही म्हटलं.

एका गृहस्थांना संवाद हवे होते. कोरडं वाटलं म्हणाले. त्यांच्याशी वाद घातला नाही, पण पुढच्या प्रयोगातही संवाद नसतील.

१३ डिसेंबर

हिशेब. फिल्म आणि धुलाई ४,६००. बांबू, कापड, खडू, फेविकॉल (वाया गेलेला लेप धरून) २,१५०. कागद, शाई, ब्रश १,३००. टेम्पो १,२००. माइक आणि दिवे २,५००. झेरॉक्स, चहा, किरकोळ ९००. एकूण १२,६५०. फिल्मची चाचणी नसती तर बरंच वाचलं असतं, पण दीड मिनिट चादर धरणं म्हणजे काय ते मग कळलं नसतं आणि संहितेतली सगळ्यात चांगली तीन मिनिटं नसती.

फेब्रुवारीत शेजारच्या तालुक्यातल्या महाविद्यालयाने बोलावलंय. तोवरचं काम: चौकट दुमडती करायची, आत्ताची टेम्पोशिवाय हलत नाही. कापडाचा लेप उन्हात पुन्हा तपासायचा. ट्रेसिंगसाठी पॉलिएस्टरची पारदर्शक फिल्म वापरून बघायची, महाग आहे पण आवाज करत नाही. तिच्यावर चिनी शाई धरते का ते आधी तुकड्यावर. संग्रहातल्या चार छायाचित्रांच्या परवानगीसाठी प्रकाशकांना पत्र आज टाकलं.